पाऊण मिनिटाचा पुतळा

सांगलीच्या भाजीबाजारात विजयमाला घोरपड्यांचा पुतळा झाला, तेव्हा त्यांच्या हातात दुधीभोपळा होता आणि तोंडात अर्धं वाक्य. वाक्य त्यांनी पुरं केलं. "कोवळा म्हणून देतोयस आणि नख रुतेना झालंय की रे ह्यात," असं भाजीवाल्याला सुनावून त्या मोकळ्या झाल्या. तोंड त्यांचं स्वतःचं होतं, ते कधी अडत नसे. अडले होते ते पाय.

पाय म्हणजे कमरेपासून टाचेपर्यंत बांधलेली हलक्या धातूची चौकट. 'पाऊलसाथ' असं तिचं कागदोपत्री नाव. स्कूटरच्या अपघातात मणक्याला मार बसला आणि विजयमालाबाईंचे पाय गेले, त्यानंतर दोन वर्षं त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. मग ही चौकट आली. कमरेचा झोक ओळखून ती पाऊल उचलायची, टेकवायची, जिना चढायची. गावात आता अशा चौकटीवर चालणारे बरेच जण दिसत. पण मधेच कधीतरी चौकटीतल्या संगणकाला स्वतःचीच शंका यायची. अमुक आकडा जुळत नाही, तमुक पट्टा सैल वाटतो, असं काहीही. शंका आली की तो दोन्ही गुडघे कुलूपबंद करायचा आणि स्वतःला बंद करून नव्यानं चालू करायचा. माणूस पडू नये म्हणूनच ही सोय होती. पण नव्यानं जागं व्हायला त्याला जवळजवळ पाऊण मिनिट लागायचं आणि तेवढा वेळ माणसाचा पुतळा व्हायचा.

बिनचालकाच्या रिक्षा बाईंना वळसा घालून जात राहिल्या. एकानं विचारलं, "बॅटरी संपली काय ओ?" खेड्यातून आलेल्या एका म्हातारीनं तर कसलीही चौकशी न करता बाईंच्या पायांना हात लावून नमस्कार करून घेतला. अखेर खट्ट आवाज झाला, गुडघे सुटले, आणि बाई चालू लागल्या.

"केतके, चार पावलं मागंच आहेस ना अजून?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"आहे," केतकी म्हणाली.

"सावलीलासुद्धा भर दुपारी सुट्टी असते गं."

आईच्या मागं चार पावलं चालायची केतकीला इतकी सवय झाली होती, की ऑफिसातसुद्धा ती कुणाच्या शेजारून न चालता मागून चालायची. खरं सांगायचं तर तिला ती चार पावलं आवडत होती. अपघाताच्या दिवशी ती आईबरोबर नव्हती. आता असायची.

घरी पोचल्यावर विजयमालाबाईंनी दुधी ओट्यावर ठेवला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "पल्लवीचा फोन आला होता. तीन-चार महिन्यांनी जिल्ह्याच्या मुलींचा अंतिम सामना आहे, त्याला पंच म्हणून उभ्या राहा म्हणतीय. मी हो म्हटलं."

पल्लवी माने ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता खो-खो संघटनेची सचिव. बाईंनी शाळेत अख्खी हयात खो-खो शिकवण्यात घालवली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली राज्याकडून खेळल्या होत्या. अपघातानंतर त्या मैदानाकडं फिरकल्या नव्हत्या. चौकट मिळाल्यावरसुद्धा नाही.

"हो म्हणालीस?" केतकीनं ओढणी काढता काढता विचारलं. "पंचाला डावभर मैदानाच्या एका अंगानं पळावं लागतं."

"पळत कोण नाही. झपझप चालायचं. आणि आत मदतनीस चालत नाही, खेळाडू आणि पंच एवढेच. नियमच आहे आणि बरोबर आहे तो."

"आणि मैदानात पाय अडले म्हणजे?"

"खो-खोत पाऊण मिनिटात दोन मुली बाद होतात. आणि मी तिथं खांबासारखी उभी! प्रेक्षक मलाच खांब समजून वळसा घालतील." बाई हसल्या नाहीत. "म्हणून तर तुला सांगतीय. ही चौकट बनवतात त्याच कारखान्यात बसतीस की तू. एवढा वेळ करतंय काय ते जागं व्हायला? दात घासतंय, चहा पितंय?"

"बोलत बसतंय," केतकी म्हणाली.

"काय?"

"जागं होताना बोलत बसतं ते. कायदाच आहे तसा."

आणि ते अक्षरशः खरं होतं. कुठल्याही संगणकाच्या पोटात सगळ्यात खाली एक गाभा असतो. त्याला या धंद्यातले लोक कर्नेल म्हणतात. जागा होताना तो एकेक अवयव तपासत येतो आणि तपासलेलं मोठ्यानं सांगत येतो. डावा गुडघा सापडला. उजवी टाच सापडली. बॅटरी ठीक. हे बोलणं एका साध्या तारेवरून, एकामागं एक अक्षर असं, बाहेर पडतं. ही तार म्हणजे सिरियल कन्सोल. दिसायला बावळट, पण बाकी सगळं कोलमडलं तरी चालू राहणारी. पाऊलसाथमध्ये या तारेच्या दुसऱ्या टोकाला एक मोहोरबंद नोंदपेटी होती. सुरुवातीच्या काळात अशा चौकटींचे काही अपघात झाले, तेव्हा सरकारनं नियमच केला, की प्रत्येक शब्द पेटीत गेलाच पाहिजे, म्हणजे पुढं चौकशीत कळेल की यंत्र कुठवर शुद्धीत होतं. त्यामुळं गाभ्याला 'गप्प बस' म्हणायची सोय नव्हती.

केतकीचं काम नेमकं याच तळमजल्यावरचं होतं. हळू आहे हे तिला ठाऊक होतं. पण का हळू आहे, हे तिनं कधी खणून पाहिलं नव्हतं. पाय अडतात म्हणून तर आपण मागं लागतो, ही गोष्ट तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितली नव्हती. त्या रात्री जेवताना आई दुधीच्या भाजीला नावं ठेवत मैदानाच्या गप्पा मारत होती, आणि केतकीच्या लक्षात आलं की अपघातानंतर आईला मैदानाबद्दल बोलताना आपण ऐकलेलंच नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

कारखाना मिरजेला होता. दुसऱ्या दिवशी केतकीनं एक जादा चौकट टेबलावर आडवी घातली आणि घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला बसली. समोरच्या टेबलावर इरफान मुजावर बसायचा. तोल सांभाळणारे सेन्सर त्याच्या ताब्यात. "कन्सोलमध्ये काय मिळणार तुला?" तो म्हणाला. "तिथं गेल्या दहा वर्षांत कुणी झाडूसुद्धा मारला नसेल."

झाडू मारला नव्हता हेच खरं. तारेवर अक्षरं सोडणारी चिप कमरेच्या पट्ट्यात होती, प्रोसेसरपासून लांब, आणि दोघांच्या मधे होती एक अरुंद वाट. चिपकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कुणीतरी जुन्या पाणीमीटरमधून उचलून आणला होता. मीटर दिवसाकाठी दोन ओळी बोलायचा, त्याला कसली घाई. हा ड्रायव्हर प्रत्येक अक्षराआधी त्या अरुंद वाटेनं चिपला विचारायचा: जागा आहे का? आहे असं उत्तर येईपर्यंत थांबायचा. मग एक अक्षर. मग पुन्हा तोच प्रश्न.

"लग्नाच्या पंगतीत एक वाढपी आहे असं समज," केतकी इरफानला म्हणाली. "पानापाशी येतो, जिलेबी वाढू का म्हणून विचारतो, आत जातो, एक जिलेबी आणतो, वाढतो, परत विचारतो. जिलेबी खायला वेळ लागत नाहीये. वेळ ह्याच्या येरझाऱ्यांत जातोय."

"आणि पान केवढं आहे?"

"हीच तर मजा आहे. चिपच्या पोटात चौसष्ट अक्षरांचं ताट आहे. आपण त्यात एकच ठेवतोय."

ताट रिकामं आहे का हे एकदाच विचारायचं आणि परातभर जिलेब्या एकदम वाढायच्या, एवढाच बदल. कायद्यालाही तो मान्य होता. कारण ताटात पडलेली अक्षरं गाभा कोसळला तरी चिप आपली आपण पेटीकडं पोचवते. शेवटचा शब्द गमावण्याची भीती नव्हती. केतकीनं ड्रायव्हरचं ते जुनं वळण काढून नवं लिहिलं, वाळूच्या पोत्याला चौकट बांधली आणि मुद्दाम तिचा संगणक बंद-चालू केला. खट्ट. पुन्हा केला. खट्ट. पाऊण मिनिटाचं जागं होणं एका श्वासावर आलं होतं. पोत्याला शंभरदा उठवून बसवलं, पोतं काही पडलं नाही. ज्यांच्या मंजुरीशिवाय गाभ्यात स्वल्पविरामही बदलत नसे त्या वरिष्ठांनीही मान डोलावली. इरफाननं सगळ्यांना चहा पाजला.

विजयमालाबाई कारखान्याच्या चाचणीकरूंपैकी एक होत्या, तेव्हा नवी आवृत्ती सगळ्यात आधी त्यांच्या पायांत आली. केतकीनं अंगणात बटण दाबून पाय अडवले.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"मला जांभईसुद्धा पुरी करता आली नाही की गं!" बाई अंगणात दोन फेऱ्या मारून आल्या. मग तिसरी मारताना मोठ्यानं म्हणाल्या, "आता मागं यायचं नाही. कुंपणापाशी बस."

केतकी कुंपणापाशी बसली. तिला बरं वाटत होतं आणि जिवाला चैनही नव्हतं.

पुढचे काही दिवस बाई रोज सकाळी शाळेच्या मैदानावर जाऊ लागल्या. मुली बसतात त्या मधल्या पाटीच्या कडेनं चालायचं, खांबापाशी गर्रकन वळायचं, परत यायचं. दोनदा-तीनदा पाय अडले आणि लगेच सुटले. मग एका सकाळी खांबापाशी वळताना पाय अडले, सुटले, आणि सुटता क्षणीच डाव्या पायानं कुणी मागून ढकलल्यासारखं लांब पाऊल टाकलं. जिथं तोल नव्हताच तिथं तोल सावरायला गेला तो पाय. विजयमालाबाई उजव्या अंगावर आदळल्या.

केतकी मैदानाच्या कुंपणापासून धावत पोचली तेव्हा आई मातीत पडून आपल्या मनगटाकडं बघत होती. मनगट मोडलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तोंडातून एक शब्द नव्हता. त्या गप्प बसण्यानं केतकी हादरली.

प्लॅस्टर घालून घरी आल्यावरही बाई बोलल्या नाहीत. दुपारी केतकीनं पेज करून दिली, तेव्हा म्हणाल्या, "ते नवं काढ. जुनं घाल परत."

"आई, मी बघते काय झालं ते—"

"पल्लवीला कळवून टाक, जमायचं नाही म्हणून. आणि बाजारात जाताना तू येत जा मागनं." त्यांनी पेजेचा वाडगा डाव्या हातानं बाजूला सारला. "बरं असतं कुणीतरी मागं असलेलं."

इतकी वर्षं केतकीला नेमकं हेच हवं होतं. आईनं स्वतःहून म्हणावं, तू मागं राहा. आता आई तसं म्हणाली होती आणि केतकीला वाटलं, आईचे पाय पहिल्यांदा स्कूटरवरून गेले आणि दुसऱ्यांदा आपण घालवले. ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

कारखान्यात तिनं आधी एक गोष्ट केली: नवी आवृत्ती जागच्या जागी थांबवली. ती अजून दुसऱ्या कुणाच्याही पायांत गेली नव्हती, हे कळल्यावर तिला जरा श्वास घेता आला. मग ती दोन चौकटी शेजारी ठेवून बसली, एक जुनी, एक नवी. स्थिर पोत्यावर दोन्ही शहाण्यासारख्या वागत. पोतं झोपाळ्याला टांगून हलवलं, की जुनी नीट उठायची आणि नवी लाथ झाडायची. कन्सोलच्या वेगाचा आणि लाथेचा काय संबंध, ते तिला उमगेना. ड्रायव्हर फक्त अक्षरं पाठवत होता. तोलाशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात इरफान तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला होता. "केतकी, मला वाटतं हे माझ्यामुळं झालंय."

"म्हणजे?"

"तोलाच्या सेन्सरचा मला एकदा त्रास झाला होता. सुरुवातीलाच चुकीचा आकडा द्यायचा, कधी द्यायचा, कधी नाही. काय होतंय ते कळावं म्हणून मी त्याच्या जागं होण्याच्या वाटेत पंधरा-वीस ओळी कन्सोलवर छापायला लावल्या. हा आकडा, तो आकडा. आणि ओळी घातल्या की त्रास गायब! काढल्या की पुन्हा सुरू. आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी म्हटलं, राहू देत ओळी. ताप उतरलाय तर दंडाचा ताईत कशाला सोडा."

केतकी त्याच्याकडं बघत राहिली. गाभ्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी हे केलेलं असतं. बिघाड बघायला म्हणून ओळ छापावी, तर बिघाड लपून बसतो. मग ओळ तशीच ठेवून माणूस घरी जातो. तिनंही केलं होतं.

तोलाच्या सेन्सरमध्ये एक केसाएवढा कण सतत थरथरत असतो आणि त्या थरथरीवरून चौकटीला कळतं आपण कुठं झुकलोय. वीज आल्या आल्या मात्र त्याची थरथर बसलेली नसते. मुलं गरगर फिरून थांबली की घटकाभर त्यांची जमीन फिरतच राहते, तसं त्याचं होतं. अंग स्थिर असेल तर तो चटकन भानावर येतो, वळत्या अंगावर उशिरा येतो. जुन्या कन्सोलवर इरफानच्या त्या ओळी रेंगाळत बाहेर पडायच्या, आणि तेवढ्या अवधीत सेन्सर भानावर यायचा. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला माहीत नव्हतं, पण त्या कन्सोलचा आळस बाईंना उभं ठेवत होता. केतकीनं आळस झाडून काढला आणि सेन्सर गरगरत असतानाच गुडघे सुटले.

"मी सांगतो सगळ्यांना," इरफान म्हणाला. "माझी चूक आहे."

"एकट्याची नाही. मी वाळूच्या पोत्यावर मोजून खूश झाले. पोतं कधी गर्रकन वळतं का?" केतकीला एकदम हलकं वाटायला लागलं होतं. गुडघे वेडे झाले नव्हते. कारण होतं, आणि कारणाला औषध असतं.

बैठकीत कुणी म्हणालं, ठरावीक वेळ थांबवू, प्रश्न मिटला. केतकी अडून बसली. ठरावीक वेळ म्हणजे पुन्हा तोच ताईत, फक्त नवा दोरा. सेन्सरला स्वतःला विचारायचं, बसली का थरथर? तो हो म्हणाला तरच गुडघे सोडायचे, नाहीतर नाही. तिनं आणि इरफाननं मिळून ते लिहिलं. झोपाळ्यावरचं पोतं हलवलं, फिरवलं, उतारावर ढकललं. एक श्वास होता तो आता दोन श्वासांवर गेला. चौकट एकदाही लाथ झाडेना.

राहिली होती आई.

संध्याकाळी केतकी आईच्या पलंगाच्या कडेवर बसली. चौकट कोपऱ्यात उभी होती आणि बाई खुर्चीत, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन. केतकीनं सगळं सांगितलं. जिलेब्या, ताट, इरफानच्या ओळी, थरथरणारा कण. बाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मग मधेच त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या कणानं सांगायच्या आधीच गुडघे सुटले?"

"हो."

"खो मिळायच्या आधीच उठले म्हण की!"

पाटीवर बसलेल्या मुलीला मागून खो मिळाला तरच तिनं उठायचं असतं, त्याआधी उठली तर फाऊल. इतकं सोपं करून केतकीला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बाई पुटपुटल्या. "आणि गुडघे कुणाचे, तर माझे." त्यांच्या आवाजात पुन्हा थोडी धार आली होती. "आता पुढं काय? सगळा संघच हळू करणार?"

"नाही. संघ पळणार. ती एक मुलगी खो मिळेपर्यंत बसून राहणार."

"शिकवलंय तिला?"

"शिकवलंय. पण तू तपासल्याशिवाय मी शिकली असं म्हणणार नाही."

विजयमालाबाईंनी कोपऱ्यातल्या चौकटीकडं पाहिलं. "अशा उतावळ्या पोरी मला दरवर्षी एक-दोन मिळायच्या," त्या म्हणाल्या. "कधी एकीलाही संघातून काढली नाही मी. पल्लवीच तसली होती." मग एकदम, "तिला कळवलंस का, जमायचं नाही म्हणून?"

"नाही."

"लबाड आहेस," आई म्हणाली. केतकीला इतकं बरं कुठल्याच शिवीनं कधी वाटलं नव्हतं.

प्लॅस्टर निघाल्यावर मैदानावर सराव सुरू झाला. इरफानलाही बोलावणं होतं. तो आल्या आल्या हात जोडून म्हणाला, "काकू, माफ करा, माझ्यामुळं—"

"बाई म्हण. मैदानात कुणी काकू नसते. ते बटण तुझ्याकडं घे आणि मला न सांगता दाब. सांगून पडले तर त्यात काय परीक्षा?"

इरफान बटण दाबत राहिला. सरळ चालताना, वळताना, खाली वाकून शिट्टी उचलताना. पहिल्या दिवशी केतकीनं आईचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मग एका हातानं धरला. मग दोन बोटं नुसती टेकवून ठेवली. एकदा बाई वळल्या, अडल्या, सुटल्या, चालू लागल्या, आणि केतकीच्या लक्षात आलं की आपली बोटं हवेतच राहिली आहेत. बाईंच्याही ते लक्षात आलं. त्या थांबल्या नाहीत.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती दोरी होती आणि केतकी दोरीच्या बाहेर होती. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, काळी चौकट. विजयमालाबाई पाटीच्या अलीकडच्या अंगाला उभ्या राहिल्या, तेव्हा जुन्या खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. सरपंचांची, म्हणजे मुख्य पंचांची, शिट्टी झाली आणि मुली सुटल्या.

पहिला डाव गेला, दुसरा गेला. शेवटच्या डावात गुण अगदी काठावर आले होते. एक बारकी मुलगी खांबापाशी हूल देऊन निसटत होती आणि पाठलाग करणारीनं अंगावर सूर मारला. बोटं लागली की नाही? दोन्ही संघ ओरडले. नेमक्या त्या क्षणी बाईंचे पाय अडले.

केतकीला ते लांबूनही कळलं. ते ताठ होणं तिनं झोपेतही ओळखलं असतं. ती उठली. दोरी तिच्या पोटाला लागली. दोरी उचलून आत शिरणं किती सोपं होतं. तिनं दोरी घट्ट धरली आणि उभी राहिली. आत गेलो तर सामना थांबणार, आणि आई पुन्हा कधीच इथं येणार नाही, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. सगळं मैदान बाईंच्या तोंडाकडं बघत होतं.

मग गुडघे सुटले. विजयमालाबाईंनी एक पाऊल पुढं टाकलं, शिट्टी फुंकली आणि हात वर केला. बाद. त्या बारक्या मुलीनं मुकाट्यानं मान खाली घातली, कारण बोटं लागली होती हे तिला माहीत होतं.

"बाई अजून तशाच आहेत हो," केतकीशेजारी येऊन उभी राहिलेली पल्लवी माने कौतुकानं म्हणाली. "निर्णय द्यायच्या आधी क्षणभर थांबतात. आम्हाला त्याच थांबण्याची धडकी भरायची."

केतकीला हसू फुटलं आणि ते आवरेना. पल्लवी तिच्याकडं चमत्कारिक नजरेनं बघायला लागली, तरी ती हसतच राहिली. कुणालाही काही कळलं नव्हतं.

बक्षिसं झाली, फोटो झाले. केतकी गाडीपाशी उभी होती. आई, दुसऱ्या पंचबाई आणि जुन्या पाच-सात खेळाडू असा घोळका गप्पा मारत फाटकाबाहेर पडला. बाईंनी लांबूनच हात केला, तू हो पुढं, आम्ही येतो. केतकीची पावलं सवयीनं चार पावलं मागं निघाली होती. ती थांबली. घोळका कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

घरी येऊन तिनं दिवा लावला, चहा टाकला, आणि काय करावं ते तिला सुचेना. चहा गाळत असताना फोन वाजला.

"आई? काय झालं? पाय अडले का?"

"अडले होते मघाशी, सुटले," पलीकडून आई म्हणाली. मागं रस्त्याची वर्दळ होती, बायकांचं हसणं होतं. "ते जाऊ दे. आम्ही भडंग घ्यायला थांबलोय. तुला आणू का?"

आईनं बाहेरून येताना केतकीसाठी काही आणलं, त्याला वर्षं लोटली होती.

"आण की," ती म्हणाली. "तिखट आण."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला. केतकी चहाचा कप घेऊन दारातल्या पायरीवर बसली आणि आईची वाट बघू लागली.